अर्धी बॅच आडवी! मुलांच्या स्टुडिओत साथ पसरू नये म्हणून काय करता?

कोलांटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आज राहवलं नाही.

मी आणि माझी एक सहकारी मिळून मुलांचा जिम्नॅस्टिक्स आणि नृत्याचा स्टुडिओ चालवतो. मुलं ४ ते १३ वयाची. एक मोठा हॉल, एक लहान खोली, मॅट, बीम, बार, फोमचे ठोकळे भरलेला खड्डा, आणि बाहेर पालकांसाठी बाकं टाकलेला चिंचोळा पॅसेज. वार्षिक सादरीकरण तीन आठवड्यांवर आलंय.

गेल्या सोमवारी एका सात वर्षांच्या मुलीला रांगेत उभं असतानाच मॅटवर उलटी झाली. गाडी लागली असेल, आई म्हणाली. आम्ही टिश्यूनं पुसलं, वरून सॅनिटायझर फवारला, सगळ्यांच्या हातावर दोन-दोन थेंब टाकले आणि क्लास पुढे सुरू. बुधवारी ४ मुलं गैरहजर. शुक्रवारी ११. शनिवारी रात्री मी स्वतः बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. २६ जणांच्या बॅचमधले एकूण १५ आडवे झाले, त्यांची भावंडं वेगळीच.

सहकारी म्हणते फॉगिंग मशीन (जंतुनाशकाची धुरळणी करणारं) घेऊ आणि दारात ताप मोजायला माणूस उभा करू. खर्च करायचाच आहे तर तो कशावर करावा? असे स्टुडिओ चालवणारे, आणि मुलांना पाठवणारेही, जरा अनुभव सांगा.

ढ_विद्यार्थी

पहिल्या बाकावर जागा धरून ठेवतोय. जाणकार येतीलच.

तापमापी

बालरोगतज्ज्ञ आहे. तुमची तक्त्यासारखी मांडलेली हकीकत वाचून नोरोव्हायरसचीच शंका येते. इथून निदान करता येत नाही हे मान्य, पण लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होणं आणि एकामागून एक मुलं पडणं, हा त्याचा नेहमीचा खाक्या आहे.

तुमच्या हातून दोन गोष्टी चुकल्या. दोन्ही बहुतेक सगळ्यांच्याच चुकतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

पहिली चूक सॅनिटायझरची. अल्कोहोल ज्या विषाणूंवर चांगलं चालतं (फ्लू, लहान मुलांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही, कोरोना) त्यांच्याभोवती चरबीचं वेष्टण असतं, अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला ते वेष्टणच नाही. हँड-फूट-माउथ (हात, पाय, तोंडात फोड येणारा आजार) ज्यांच्यामुळे होतो त्या कॉक्सॅकी विषाणूच्या जातभाईंनाही नाही. तिथे साबण लावून २० सेकंद चोळायचं आणि वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे, म्हणजे विषाणू पाण्याबरोबर वाहून जातो. दारातली जेलची बाटली ठेवा हवी तर, पण तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरी, क्लास तसाच पुढे चालू ठेवला. या विषाणूचे शंभराहून कमी कण पोटात गेले तरी लागण होऊ शकते, आणि उलटी होताना बारीक तुषार बरेच लांबपर्यंत उडतात. खरं तर त्याच क्षणी सगळी मुलं दुसऱ्या खोलीत न्यायला हवी होती. मग हातमोजे, मास्क, खिडक्या उघड्या. टिपकागदानं बाहेरून आत असं गोळा करायचं, पिशवीत बांधायचं. जागा साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि त्यानंतर ब्लीच. ५ टक्क्यांचं साधं ब्लीच असेल तर १०० मिली ब्लीचमध्ये पाणी घालून ते एक लिटर करा, म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग) होतं. किमान ५ मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे, मगच पुसायची. रोजच्या संडास-नळ-कड्यांसाठी २० मिलीत पाणी घालून लिटर केलं की १००० पीपीएम. मिश्रण रोज ताजं. आणि कृपा करून त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

उलट्या-जुलाब झालेलं मूल शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब झाल्यापासून ४८ तास घरी. "सकाळपासून बरी आहे" म्हणजे ४८ तास नव्हेत.

कोलांटी

बापरे. म्हणजे आम्ही चक्क मॅटला सुवास लावला आणि मुलांना त्याच्यावर लोळवलं.

एक शंका. ब्लीचनं मॅटचं व्हिनाइल खराब होणार नाही का? आणि फोमच्या खड्ड्याचं काय?

धोबीपछाड

मॅटवाला हजर. मी मुलांना कुस्ती आणि ज्युदो शिकवतो, आमचं अर्ध आयुष्य मॅट पुसण्यात जातं.

व्हिनाइल मॅटवर रोज ब्लीच मारलं तर ती कडक होते, शिवणी उसवतात, रंग जातो. रोजच्यासाठी मॅट बनवणाऱ्यानं चालतं म्हणून सांगितलेलं जंतुनाशक वापरा, आणि ब्लीच उलटी-रक्तासाठी राखून ठेवा, नंतर साध्या पाण्यानं पुसून काढा. बाटलीवर "ओलं राहण्याचा वेळ" लिहिलेला असतो, तो वाचा. बहुतेक जण फवारतात आणि लगेच फडकं फिरवतात, म्हणजे घाण इकडची तिकडे. आमच्याकडे दोन बादल्यांची पद्धत आहे, एकीत धुणं, दुसरीत द्रावण. एकच बादली सबंध हॉलला फिरवली तर शेवटच्या मॅटवर पहिल्या मॅटचं पाणी.

मॅट फाटली असेल तर आधी ती शिवा, नाहीतर बदला. आतल्या फोममध्ये घाम मुरला की वरून कितीही पुसा, उपयोग शून्य. तुमच्या खड्ड्याचं दुखणंही तेच. ठोकळे धुऊन निर्जंतुक होत नाहीत. आमच्याकडे खड्डा नाही, पण असता तर मी लिहून लावलं असतं: पायाला जखम, पोट बिघडलेलं, अंगावर पुरळ, खड्ड्यात उतरायचं नाही. कुणी आत उलटी केली तर ते ठोकळे फेकायचे, जीव जळला तरी.

आता माझा मूळ मुद्दा. तुम्ही सगळे पोट आणि ताप यांतच अडकलाय, कातडीकडे कुणाचं लक्ष नाही. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटात शाळकरी कुस्तीगिरांचं चार आठवड्यांचं शिबिर होतं. १७५ मुलांपैकी ६० जणांना एकमेकांच्या कातडीतून नागिणीच्या भावकीतला हर्पिस झाला, ओठांवर तापाचे फोड उठतात तोच. चेहऱ्यावर, मानेवर, कानामागे. जिम्नॅस्टिक्समध्ये अंगाला अंग इतकं घासत नाही हे खरं, पण कोच मुलांना हातानं उचलतो, आधार देतो. दिवसभरात तीस मुलांच्या पोटाला-पाठीला लागलेला एकच हात कुणाचा? कोचचा.

म्हणून आमच्याकडे दर क्लासआधी मिनिटभर रांग: हात, कोपर, मान, पाय दाखवा, नखं दाखवा. गोल कडा उठलेला लाल चट्टा म्हणजे गजकर्ण समजायचं. उपचार सुरू होऊन तीन दिवस झाले आणि चट्टा नीट झाकला तर मॅटवर या. डोक्यातलं गजकर्ण असेल तर मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं. हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं, महिनोन्महिने तेल बदलत बसतात.

आणि बाथरूमला जाताना चपला घाला म्हणावं! अनवाणी संडासात जाऊन तसंच मॅटवर येणं हा सगळ्यात स्वस्तातला मूर्खपणा आहे.

तापमापी

@धोबीपछाड, चपलेच्या वाक्याला माझं अनुमोदन दोनदा धरा. फक्त एक भर. पालक गजकर्ण आणि मोलस्कम यांत गोंधळतात. मोलस्कम म्हणजे मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले बारीक फोड. ते जायला ६ ते १२ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर मुलाला क्लासबाहेर ठेवणं हा अन्याय. कपड्यानं किंवा पट्टीनं झाका, टॉवेल वेगळा, झालं. पायाच्या तळव्याची चामखीळ असेल तर मोजे किंवा पट्टी. पिवळसर खपल्या धरणारे, वाहणारे फोड मात्र प्रतिजैविक सुरू झाल्याशिवाय आत घेऊ नका.

नट_बोल्ट

फॉगिंग मशीनवर पैसे घालणार असाल तर थांबा.

मी इमारतींच्या हवा खेळवण्याच्या यंत्रणा बसवतो. धुरळणीनं पृष्ठभागावरची घाण जात नाही आणि घाणीखालचा जंतूही मरत नाही. उलट ते रसायन अर्ध्या तासानं दम्याच्या मुलाच्या छातीत जातं. त्याऐवजी एक प्रश्न विचारतो. तुमच्या लहान खोलीत बाहेरची हवा कुठून येते?

"एसी आहे की" असं उत्तर येणार, पैज लावतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा तुमच्या तोंडावर सोडतो. २० मुलं, धापा टाकणारी, दार बंद.

२०२० च्या सुरुवातीला दक्षिण कोरियात चोनान शहरात झुंबासारख्या नृत्यवर्गांतून कोरोना पसरला, १२ व्यायामकेंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण निघाले. सुमारे ६० चौरस मीटरची खोली, ५ ते २२ जण, ५० मिनिटं जोरदार नाच. गंमत पुढे आहे. लागण झालेल्या प्रशिक्षकांपैकी एकजण पिलाटीस आणि योगाचेही वर्ग घेत होता, ७-८ जणांचे, संथ. तिथे एकालाही लागण सापडली नाही. म्हणजे गर्दी कमी, श्वासाचा जोर कमी, तर प्रसार कमी.

म्हणून म्हणतो, आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एका बाजूला एक्झॉस्ट लावा, दुसरीकडून हवा यायला वाट ठेवा (एक्झॉस्ट लावून दारं-खिडक्या बंद करणारे महाभाग पाहिलेत). कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र भिंतीवर टांगा. बाहेर साधारण ४२० पीपीएम असतं. आत ८०० च्या वर रेंगाळायला लागलं की समजा, मुलं एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा घेताहेत. खिडकीच नसेल तर हेपा फिल्टरचं यंत्र ठेवा. त्यानं कार्बन डायऑक्साइडचा आकडा खाली येत नाही, पण हवेतले कण गाळले जातात. तासाला किमान ५ वेळा हवा बदलल्यासारखं व्हावं हे अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०२३ पासून सांगितलेलं उद्दिष्ट. दोन बॅचमध्ये १० मिनिटं रिकामी ठेवा, त्यात हवाही बदलते आणि पॅसेजमधली चेंगराचेंगरीही टळते.

खारूताई

पॅसेज! त्या पॅसेजबद्दल कुणीतरी बोललं एकदाचं. माझी मुलगी नृत्याला जाते तिथे जाणारी बॅच, येणारी बॅच, पालक, कडेवरची बाळं, सगळे एका बोळात वीस मिनिटं. आत काय पसरेल त्याहून जास्त तिथेच पसरत असणार.

आणि मेकअप. सादरीकरणाच्या दिवशी एकच आयलायनर, एकच लिपस्टिक, तीस मुलं. मागच्या वर्षी डोळे आले सगळ्यांना ओळीनं, फोटोत निम्म्या मुलींनी गॉगल लावलेत.

ढ_विद्यार्थी

नृत्य कोणतं होतं? गॉगल शोभले का?

खारूताई

फुलपाखरांचं. 🙄

चिडकी_मांजर

सगळं वाचलं. छान आहे. आता एका नोकरी करणाऱ्या आईकडून चार शब्द, कडू लागले तर लागू द्या.

आजारी मूल घरी ठेवा हे म्हणायला सोपं आहे. मूल घरी म्हणजे मी घरी. क्लासची फी महिन्याची आगाऊ, चुकलेला क्लास बुडाला. मुलीला आधीच भीती की मागे पडले तर टीचर रागावतील. सर्दीला ठेवायचं तर वर्षातले निम्मे दिवस ठेवावं लागेल. मग आम्ही काय करतो? औषध देतो आणि पाठवतो. करतो हो, खोटं कशाला बोलू.

कोलांटी, तुमच्या त्या मुलीची आई गाडी लागली म्हणाली. तुमचा गैरहजेरीचा नियम काय आहे ते सांगता का?

कोलांटी

दोन दिवस उत्तर द्यायला वेळ लागला, कारण उत्तर द्यायला लाज वाटत होती.

सादरीकरणाआधीच्या महिन्यात दोनपेक्षा जास्त क्लास चुकले तर पहिल्या ओळीतली जागा जाते. हा आमचा नियम आहे. शिवाय वर्षभर पूर्ण हजेरी असलेल्या मुलांना आम्ही स्टेजवर बोलावून पदक देतो. टाळ्या वाजतात. चुकलेला क्लास भरून मिळत नाही.

काल त्या मुलीच्या आईला फोन केला, तब्येत विचारायला म्हणून. बोलता बोलता रडली. मुलीला आदल्या रात्रीच दोनदा उलटी झाली होती. तिचे आधीच दोन क्लास चुकलेले. मुलगी म्हणाली, आई मला पहिल्या ओळीतच राहायचंय, टीचरला सांगू नकोस.

सात वर्षांची आहे ती.

आजोबा_ऑनलाइन

हे प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. मी नातवाला क्लासला सोडणारा आजोबा. माझ्या पत्नीची केमोथेरपी चालू आहे. आम्हाला फॉगिंग नको, पदक नको, फक्त वेळेवर एक निरोप हवा: "आपल्या बॅचमध्ये अमुक आजार निघाला आहे." मुलाचं नाव नको. नाव गेलं की पुढच्या वेळी कुणी कळवत नाही.

मागे एका ठिकाणी (नाव घेत नाही) कांजिण्यांची गोष्ट आम्हाला तीन आठवड्यांनी, तीही पॅसेजमधल्या गप्पांतून कळली.

तापमापी

आजोबांचा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्याही फार महत्त्वाचा. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या १-२ दिवस आधीपासून लागतात, लागण झाल्यावर दिसायला १० ते २१ दिवस. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा गरोदर व्यक्तीला संपर्क आला तर प्रतिबंधक उपचार असतात, पण त्यांना मुदत असते. गोवराचंही तसंच. संपर्कानंतर लस ७२ तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) ६ दिवसांच्या आत. तीन आठवड्यांनी कळून काय उपयोग? गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड बघून घ्या.

दारात ताप मोजण्याबद्दल. फ्लूचं मूल ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून आजार पसरवू शकतं, आणि पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल तुमच्या माणसासमोरून हसत आत जाईल. चार-सहा तासांनी औषध उतरेल तेव्हा ते घरी असेल आणि विषाणू तुमच्याकडे. त्या माणसाचा पगार वाचवा. नियम एवढाच ठेवा: औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि एकूण तब्येत सुधारतेय, तर या.

आता चिडकी_मांजर यांच्यासाठी, कारण त्यांचं म्हणणं रास्त आहे. लहान मुलांना वर्षाला ६-८ वेळा सर्दी होणं स्वाभाविक आहे. प्रत्येक शेंबडाला घरी बसवलं तर स्टुडिओ बंद करावा लागेल. खेळतं, खातंपितं, ताप नसलेलं वाहतं नाक चालेल. सर्दीनंतर दोन-तीन आठवडे रेंगाळणारा खोकला चालेल. हँड-फूट-माउथचा विषाणू शौचातून कित्येक आठवडे जात राहतो, तोवर थांबवण्यात अर्थ नाही. ताप गेला, फोड वाहायचे थांबले, या. उवांसाठी तर कुणाला हाकलूच नका. त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. विग आणि टोप्या वाटून घेऊ नका, एवढंच. जिथे गरज नाही तिथे कडक राहिलात की जिथे खरंच गरज आहे तिथेही लोक लपवायला लागतात.

एक अवांतर, पण कोचसाठी मोलाचं. ताप असताना कसून व्यायाम करू देऊ नका, काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. परतल्यावर मुलाला छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर लगेच थांबवून डॉक्टरकडे. आणि मोठ्या मुलांत ग्रंथिज्वर (मोनो) झाला असेल तर प्लीहा (पोटात डावीकडे असलेला अवयव) सुजलेली असते, किमान तीन आठवडे कोलांट्या, उड्या, बीम सगळं बंद. पोटावर आपटलं तर ती फाटू शकते.

अर्धी_गिरकी

मी एका ठिकाणी सहायक कोच आहे. मुलांचं सगळ्यांनी लिहिलं, आमचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्हाला क्लासगणिक पैसे मिळतात. नाही गेलं, नाही मिळाले. बदली कोच आपणच शोधायचा. मी अंगात ताप असताना मास्क लावून चार बॅच घेतल्यात. मुलांना वर उचलताना माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर. वर धोबीपछाड यांनी लिहिलंय ना, तीस मुलांना लागलेला एकच हात. तो हात माझा आहे.

धोबीपछाड

+१. माझ्याकडेही हेच होतं. आता आजारपणाचे ठरावीक दिवस पगारी केलेत. दोन जुने विद्यार्थी बदलीला तयार ठेवलेत. परवडतं का? महिनाभर अर्धी बॅच रिकामी ठेवण्यापेक्षा परवडतं.

चिडकी_मांजर

कोलांटी, माझा सूर जरा जास्तच चढला होता. फोन केलात त्या आईला, ते बरं केलंत.

माझ्या मुलीच्या क्लासनं केलं तर मला उपयोगी पडेल असं सांगते. चुकलेला क्लास दुसऱ्या कुठल्याही बॅचमध्ये महिनाभरात भरून द्या. कारण विचारू नका, डॉक्टरची चिठ्ठी तर अजिबात मागू नका. साध्या जुलाबाला चिठ्ठी आणायला मी मुलीला दवाखान्यात अजून दहा आजारी मुलांत नेऊन बसवू का? नाचाचा व्हिडिओ पाठवा, ती घरी बसून हात तरी मोजेल. बरं वाटत असेल पण ४८ तास व्हायचे असतील तर तेवढंही तिला पुरतं.

खारूताई

व्हिडिओला जोरदार अनुमोदन. आणि कळवण्यासाठी कोलांटीताईंचा एकच नंबर ठेवा, ग्रुपवर नको. ग्रुपवर लिहिलं की "कुणाचा मुलगा?" सुरू होतं.

नट_बोल्ट

रांगेचंही बघा. बीमसमोर दहा मुलं एकामागे एक उभी राहून एकमेकांच्या मानेत श्वास सोडतात. चार गट करून चार ठिकाणी कामाला लावा. वाट बघणं कमी, शिकणं जास्त.

कोलांटी

आठवड्यानं लिहितेय. सादरीकरण दोन आठवडे पुढे ढकललं. सहकारी आणि मी यावरून कडाकडा भांडलो, सभागृहाचं आरक्षण, कपडे, सगळं बदलायचं होतं. शेवटी ढकललं.

फॉगिंग रद्द. त्या पैशात दोन एक्झॉस्ट, एक कार्बन डायऑक्साइड मापक आणि बाथरूमच्या दाराबाहेर मुलांच्या उंचीचं बेसिन. मापक लावल्याच्या पहिल्या दिवशी लहान खोलीत संध्याकाळच्या दुसऱ्या बॅचला १९०० दिसलं. मला वाटलं बिघडलंय, बाहेर नेऊन बघितलं, तर ४३०. नट_बोल्ट, पैज जिंकलात. आता ती खोली फक्त सामानाला.

आत येताना आणि जाताना हात धुवायचे, बाथरूमनंतर अर्थातच. मुलं बेसिनवर रांग लावतात आणि पाण्याशी खेळतात, पाच मिनिटं जातात त्यात. जाऊ देत. चपलांचा खोका संडासाच्या दाराशी ठेवलाय, सगळ्या एकाच मापाच्या निघाल्यामुळे चार वर्षांची मुलं बदकासारखी चालतात. उलटीचा डबा तयार केलाय: हातमोजे, मास्क, टिपकागद, पिशव्या, मापाचा पेला, आणि झाकणावर तापमापी यांचं प्रमाण मोठ्या अक्षरात. ब्लीच मात्र कुलपात.

पहिल्या ओळीचा नियम काढला. प्रत्येक नाचात ओळी मधूनच बदलतात आता, मागची पुढे येते. नृत्यदिग्दर्शनाच्या दृष्टीनं खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं दिसतंय. पदक बंद केलं, त्यावर तीन पालक नाराज आहेत, एकीनं मुलगी काढली. तिची मुलगी दोन वर्षं एकही दिवस चुकली नव्हती, तिला वाईट वाटणारच. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सहायक कोचना आजारपणाचे पगारी दिवस दिले. किती, त्यावर अजून घासाघीस चालू आहे, त्यांच्याशी आणि आमच्या हिशेबनिसाशी.

आजोबा_ऑनलाइन

आणि निरोप?

कोलांटी

परवाच पहिला गेला, आजोबा. "मंगळवारच्या ४ च्या बॅचमध्ये एका मुलाला कांजिण्या निघाल्या आहेत. घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असतील तर आजच डॉक्टरांशी बोला." एवढंच. तासाभरात दोन घरांतून फोन आले. एक आई सहाव्या महिन्यात आहे, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते तिला आठवत नव्हतं, ती संध्याकाळीच रक्त तपासायला गेली. "कुणाचा मुलगा?" असं विचारणारेही चार निघाले, त्यांना उत्तर दिलं नाही.

ढ_विद्यार्थी

आणि ती सात वर्षांची?

कोलांटी

आली काल. दारातच उभी राहून म्हणाली, "टीचर, मला आता उलटी नाही, पण दादाला आहे. मी आत येऊ का बाहेरून बघू?"

तापमापी, घरात भावंड आजारी असेल तर काय करायचं असतं?

तापमापी

तिला स्वतःला काही होत नसेल तर येऊ दे. हात साबणानं धुवायला लावा, डबा हाताशी ठेवा. आणि दादा तुमच्याच मोठ्या बॅचमध्ये असेल तर त्याचे ४८ तास आजपासून मोजू नका, थांबल्यापासून मोजा.